ढगाआडचा ध्रुव

तिन्हीसांजेला मास्तर, म्हणजे आमचे मालक, शाळेची दुर्बीण माळवदावर मांडून बसले. त्यांना शनीची कडी बघायची होती. पण त्यासाठी दुर्बीण ज्याच्याभोवती फिरते तो दांडा आधी बरोबर ध्रुवाकडं लावावा लागतो, नाहीतर ग्रह काचेतून निसटत राहतो. आणि उत्तरेला तर नुसते ढग. होकायंत्र ठेवून त्यांनी दांडा लावला, हलवला, पुन्हा लावला.

"ध्रुव दिसल्याबिगर सगळा अंदाजच," ते वैतागले. "असं कुठं चालतं का?"

"चालतं की," मी कंदील धरून म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचा थेंब न्हवता, पन आपल्या लग्नाच्या सांजंला नेमकं आभाळ आल्तं. भटजी म्हणले, नवरीला ध्रुव दिसो न दिसो, तिनं दिसला म्हणायचं असतं."

"मंग तू म्हणलीस?"

"लगेच."

ते हसले आणि पुन्हा होकायंत्रावर वाकले.

&nbsp;

दर दिवाळीला आई विचारते, "सुखात हायेस ना?" तिलाही मी लगेच हो म्हणते.