फक्त रस्सा

"फोडी घ्या की," प्रेरणा म्हणाली.

"रस्सा बास," आकारामनं ताटावर आडवा हात धरला.

महिनाभर हेच चाललं होतं. भल्या सकाळी रांगेत उभं राहून तिनं मटण आणलं होतं. मसाला मिक्सरला न लावता पाट्यावर वाटला होता. आणि हा गडी दोन वाट्या पांढरा रस्सा ओरपून मोकळा! नळीसुद्धा पातेल्यात तशीच पडून.

"डॉक्टरनं कमी करायला सांगितलंय."

"कधी गेलता डॉक्टरकडं?"

"गेलतो की मध्ये."

"मला बोलला न्हाईसा."

"त्यात काय बोलायचं?"

कोल्हापुरात गडी माणूस रविवारी मटणाला नको म्हणतो, त्याला कारणं दोनच. एक तर सुतक, न्हायतर दुसरीकडं पोट भरून आलाय. सुतक नव्हतं, एवढं प्रेरणाला पक्कं ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर त्यानं सीडी लावली. दूरदर्शनवर पूर्वी लागायची ती अंतराळयानाची जुनी मालिका. तेव्हा प्रेरणाचा टीव्ही बिघडला होता. आकाराम दुरुस्तीला आला, चित्र लागलं, आणि पठ्ठ्या अख्खा भाग संपेपर्यंत तिथंच बसून राहिला. तिथूनच दोघांचं जमलं. आता सीड्या मिळायला लागल्यावर दर रविवारी एक भाग, असं ठरलं होतं. थर्मोकोलचे ग्रह, दोरीला लटकणारं यान आणि तुपाच्या डब्यापासून केलेला यंत्रमानव. बघणाऱ्याला हसू यावं असलं सगळं, पण ते फक्त आपल्या दोघांचं आहे, असं ती धरून चालली होती.

यंत्रमानव शिडी उतरायला लागला आणि आकाराम खदाखदा हसला. डबा घसरून पडला तो त्यानंतर.

प्रेरणानं मान वळवली. "आधी बघितलाय तुम्ही हा भाग."

"तवा बघितला की आपण."

"तवा ह्या भागाला लाईट गेलती. आपण दोघं मेणबत्ती लावून बसलोतो."

आकारामनं कान खाजवला. "मग अंदाजानं हसलो असंन."

अंदाजानं कोण हसतं? मटण नको म्हणाला ते एक वेळ गिळलं असतं. पण हे? हे यान, हा डबा, हे हसणं त्यानं कुणाच्या तरी शेजारी बसून आधीच उरकलं होतं. तिच्या वाट्याला आलं ते उष्टं.

तीन वाजता त्यानं शर्ट चढवला. पूर्वी दिवेलागणीपर्यंत हलायचा नाही. चहा व्हायचा, भजी व्हायची.

"गिऱ्हाईकाचा टीव्ही बघायचाय," तो म्हणाला.

"रविवारी?"

"गिऱ्हाईकाला काय रविवार आन् काय सोमवार."

त्याची एम-एटी गल्लीबाहेर पडली आणि प्रेरणानं रिक्षाला हात केला. फुलेवाडीत एका बैठ्या घरापुढं त्यानं गाडी लावली. हाक न मारता, कडी न वाजवता आत गेला. थोड्या वेळानं उघड्या खिडकीतून यान उडाल्याचा आवाज आला. मग दोन माणसांचं हसणं. एक आकारामचं, एक बाईचं.

सोमवारी तो दुकानात गेल्यावर ती त्या दारात जाऊन उभी राहिली. काय काय बोलायचं ते घोकूनच आली होती. बाईच्या झिंज्या धरायचीसुद्धा तयारी होती. तिला वाटलं होतं, पावडर थापलेली कोणी भवानी दार उघडेल. दार उघडलं ते रुंद हाडाच्या, मेथी निवडत असलेल्या एका साध्या बाईनं.

"कोण पायजे, ताई?"

घोकलेलं सोडून प्रेरणा भलतंच बोलली. "टीव्ही दुरुस्तीवाले... हितं असत्यात म्हणून कळलं."

"हितंच की. दुकानात गेल्यात. या, बसा. च्या टाकते."

हितंच की! काय तोरा! प्रेरणा आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसली. टीव्हीवर सीड्यांची चळत होती.

"टीव्ही बिघडला व्हय?"

"व्हय. चित्र हालतंय."

"ह्यांस्नी सांगते. पण घाई करू नका हां. दिवाळीत छातीत दुखाय लागलतं ह्यांच्या. मीच दवाखान्यात न्हेलं. डॉक्टर म्हणले, मटण कमी करा. ऐकणारं माणूस हाय व्हय हे? मग मीच सोडलं. म्हटलं, माझ्या तोंडात फोड जाईल तवाच तुमच्या. आता मुकाट मेथी खात्यात."

प्रेरणाच्या डोळ्यांपुढं पाटा आला, वरवंटा आला, सकाळची रांग आली. इकडं ही बया स्वतः उपाशी राहून त्याला जिंकून बसली होती.

"आन् हे एक खूळ," बाईनं सीड्यांकडं बोट केलं. "मी शेजारी बसल्याबिगर लावत न्हाईत. शनवारी तो डबा शिडीवरनं पडला, तर हसून हसून च्या सांडला की माझ्या लुगड्यावर!"

"लई दिवस चाललंय हे?" प्रेरणानं विचारलं.

"काय?"

"तुमचं दोघांचं."

"संसार म्हणताय व्हय?" बाई मोकळं हसली. "येत्या वैशाखात अठरा वर्षं हुतील बघा."

प्रेरणानं अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि उठली. बाई दारापर्यंत सोडायला आली.

"कोण आलतं म्हणून सांगू ह्यांस्नी?"

"गिऱ्हाईक," प्रेरणा म्हणाली.

गल्लीच्या टोकाला रिकामी रिक्षा समोरून गेली, तरी तिनं हात केला नाही. पंधरा वर्षांपूर्वी, त्या पहिल्या संध्याकाळी, चपला घालता घालता आकारामनं तिला खरं काय ते सांगून टाकलं होतं; घराचा पत्ता तेवढा दिला नव्हता.

"बायको हाय मला. पण आमचं बोलणंसुद्धा न्हाय."