मुळामागचा चेंडू

“माझ्या कॅडीचा पाय लागला,” विरोतसाहेब म्हणाले आणि तोंड पुसलेला ओला टॉवेल त्यांनी लमदुवानच्या खांद्यावर फेकला.

लमदुवानला शिसारी आली. साहेबांची, आणि थोडी स्वतःचीही. ती त्यांची गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊन दहा हात मागे उभी होती. चिंचेच्या मुळामागे अडकलेला चेंडू साहेबांनी बुटाने मोकळ्यावर ढकलला, तो तिच्यादेखत. गवत चक्क खरवडलं गेलं होतं.

ते गवत समोरच्या खेळाडूने, डॉक्टर थवत यांनीही पाहिलं होतं. क्लबच्या चषकाचा अंतिम सामना, दोघे बरोबरीत, दोनच होल शिल्लक. डॉक्टरांनी पंचांना बोलावून घेतलं.

पंच रतनाबाईंनी वाकून गवत पाहिलं. “कॅडीकडून चुकून हलला असेल तर साहेबांना एका फटक्याचा दंड, चेंडू परत मुळामागे. खेळाडूने मुद्दाम सरकवला असेल तर तो स्पर्धेतून बाद.”

“चुकूनच हो! हिचं लक्ष सकाळपासून पपईच्या कोशिंबिरीत.” विरोत हसले. “काय गं बेचाळीस? हात जोड डॉक्टरांना. माफी माग आणि मोकळी हो.”

अकरा वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. पाठीवरचा नंबर त्यांना पुरत होता. चुकून पाय लागला म्हटलं की हा नंबर शाबूत राहणार होता. साहेबांना खोटं पाडलं तर तो संध्याकाळच्या आत जाणार, आणि मग हुआ हिनच्या आसपास एकाही मैदानावर तिला कोणी उभं करणार नव्हतं.

टॉवेलला घामाचा आणि सुकवलेल्या माकुलाचा वास येत होता. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि साहेबांच्या पिशवीवर टाकला. मग डॉक्टरांपुढे हात जोडून ती नाकाला बोटं टेकेपर्यंत वाकली.

“शाब्बास,” विरोत म्हणाले.

“माफी मागते, डॉक्टर,” लमदुवान म्हणाली. “पण आजची नाही. हे खरवडणं साहेबांचं. मी सरकवते तेव्हा गवताचं पातंही मोडत नाही. गेल्या वर्षी याच चषकात तुम्ही एका होलने हरलात ना? त्या दिवशी साहेबांचा चेंडू मी तीनदा सरकवला होता.”