सरांचं 'हं'

"हं म्हणत राहा गं, नाहीतर माझी गोष्ट वाटेतच बसकण मारते," आत्या म्हणायची. दुपारी धान्य निवडता निवडता ती गोष्ट सांगायची, आणि भाचीचं 'हं' आल्याशिवाय तिची राजकन्या उंबरा ओलांडायची नाही.

कोपरापर्यंत हात धुताना भाचीला आज तोच आवाज आठवला. ती आता डोळ्यांची डॉक्टर होती, पण 'हं'ची गाठ काही सुटली नव्हती. गेले आठ महिने सर तिला ऑपरेशन शिकवत होते. त्यांची पद्धत ठरलेली. प्रत्येक पायरीआधी तिने मोठ्याने विचारायचं. बरोबर असेल तर सर म्हणणार, "हं." चुकत असेल तर, "थांब." तिसरा शब्द नाही.

सर उद्या दुपारी शहरात परत जाणार होते. ती एकटीने ऑपरेशन करू शकते, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं तर मायक्रोस्कोप इथेच राहणार होता. नाहीतर तो सरांबरोबर परत जाणार, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातली मोतीबिंदूची एकसष्ट माणसं आणखी वर्षभर भिंती चाचपडत राहणार.

व्हरांड्यात लग्नघराची लगबग होती. कुणी ठेवणीतले कपडे घालून आलं होतं. एका आजींनी तर नातच सोबत आणली होती. "डोळे उघडले की पहिली हीच दिसायला हवी. तुमची तोंडं नंतर बघते," असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"सर, आज तुम्ही बोलणार ना?" तिने विचारलं.

"बघू," सर म्हणाले आणि मास्क वर ओढला.

टेबलावर टेलरकाका होते. तीन वर्षं त्यांना सुई ओवता आली नव्हती. "शेवटची विजार शिवली, तिचा एक पाय वीतभर आखूड झाला," ते छताला सांगत होते. "मी गिऱ्हाइकालाच म्हटलं, लंगडतोस कशाला?"

"काका, पुरे," सिस्टर म्हणाली. "आता शहाण्यासारखं पडून राहायचं. मान हलवायची नाही. डॉक्टरबाई म्हणतील त्याला नाही म्हणायचं नाही."

डोळा बधिर झाला. काकांच्या तोंडावर हिरवं कापड आलं, फक्त एक डोळा उघडा राहिला. सर मायक्रोस्कोपच्या बाजूच्या नळीला डोळा लावून बसले. बाहेर जनरेटर घरघरू लागला. मायक्रोस्कोपखाली तो डोळा तळ्याएवढा झाला.

"चीर घेऊ?"

"हं," खोल, घोगरं उत्तर आलं.

तिचा हात चालू लागला.

"मोतीबिंदूची पिशवी उघडू?"

"हं."

"मोतीबिंदू बाहेर काढू?"

"हं."

पिकल्या पानाच्या रंगाचा मोतीबिंदू अलगद घरंगळत बाहेर आला. तिला गाणं म्हणावंसं वाटलं.

"भिंग बसवू?"

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा पाहिलं. जागा साफ होती, भिंग सरळ होतं. कुठे चुकलं? पण "थांब"ही आलं नव्हतं. कपाळावरचा घाम सिस्टरने टिपला.

"भिंग बसवू?" तिने जरा मोठ्याने विचारलं.

"हं... हं."

भिंग आपल्याच घरी आल्यासारखं जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा व्हरांडा काकांच्या खाटेभोवती गोळा झाला. तिने पट्टी काढली. काकांनी पापणी दोनदा मिटली, उघडली, आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या डाव्या बाहीची शिवण उसवलीय."

व्हरांडाभर हशा पिकला. आजींनी नातीला पुढे ढकललं, "आता आमचा नंबर लावा." त्या गडबडीतच सरांनी तिच्या हातात कागद ठेवला. 'ऑपरेशन कोणाच्याही सांगण्याशिवाय, स्वतंत्रपणे केले.' खाली सही.

तिचा चेहरा उतरला. एकसष्ट माणसांकडे पाहायचं तिने टाळलं.

"सर, हे खरं नाही. पायरी-पायरीला तुमचं 'हं' होतं. ते नसतं तर माझा हात हलला नसता. मायक्रोस्कोप घेऊन जा तुम्ही."

"मी फक्त थांब म्हणायला बसलो होतो," सर शांतपणे म्हणाले. "ती वेळच आली नाही."

"मग 'हं' कोण म्हणालं?"

सर काकांकडे पाहू लागले. काका खाकरले.

"बाई, रागावू नका. नाही म्हणायचं नाही असं सिस्टरने बजावलं होतं, म्हणून तुम्ही विचारलंत की मी आपला हं म्हणायचो. भिंगाच्या वेळी जरा डोळा लागला, तेवढी माफी असावी. बाकी खरं सांगू? त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं."