फुगवटा

पुतणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून तीन आठवडे झाले होते. "काका, मलाही उबवणी केंद्रात पिल्लं निवडायचं काम लागलंय. शंभरात पंचाण्णव बरोबर यावी लागतात, माझी सत्तर येतात. दोन महिन्यांत सुधारले नाही तर घरी बसवतील. नर-मादी तुम्ही कशावरून ओळखता, तेवढी खूण लिहून कळवा."

तेवढंच तर काकांना जमत नव्हतं. चाळीस वर्षं ते कोंबडीची एका दिवसाची पिल्लं निवडत होते. पिल्लू उचलायचं, दिव्याखाली शेपटीमागच्या बारीक फुगवट्यावर नजर टाकायची; मादी डावीकडच्या खोक्यात, नर उजवीकडच्या. ताशी आठशे. चूक शेकड्यात एखादी.

"फुगवटा गोल असेल तर नर," त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी हातात आलेलं पहिलंच पिल्लू चपट्या फुगवट्याचं, आणि बघताक्षणी नर. कागद फाडला. "फुगवटा चकाकत असेल तर नर." तेही फसलं. सहा कागद फाडल्यावर काका हट्टाला पेटले. प्रत्येक पिल्लू निरखून, आपल्याच खुणा ताडून पाहत निवडू लागले. संध्याकाळी तपासनिसाने खोकी परत पाठवली. शंभरात तीस चुकली होती.

"अहो, चार ओळी लिहायला एवढं काय?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं काय डोळे मिटून निवडलीत?"

"तसंच समज," काका करवादले.

"मग तुम्हाला कुणी शिकवलं?"

"वस्तादांनी. शिकवलं कसलं डोंबल! महिनाभर पाठीमागे उभे राहून नुसतं हो, नाही, हो, नाही. कशावरून म्हणून विचारलं की अंगावर खेकसायचे. म्हातारा खुबी दाबून ठेवतोय म्हणून मी मनात अढी धरली. त्यांच्या मयतालासुद्धा गेलो नाही."

वस्तादांच्या खेकसण्याचा तो सूर गेले तीन आठवडे याच घरात, काकांच्याच तोंडून घुमत होता.

त्यांनी सातवा कागद ओढला. लिहिलेलं परत वाचलं नाही, वाचलं असतं तर फाडलं असतं. पायात चपला सरकवल्या आणि पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. आत तीनच ओळी होत्या.

"खूण मला ठाऊक नाही, वस्तादांनाही नव्हती. महिन्याची रजा टाकून सोमवारी येतोय. तुझ्या पाठीमागे उभा राहीन."