वरची फट

बांबूच्या दोन तट्ट्यांचा सांधा येत होता तिथे मरियाबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी पांढऱ्या मातीत बुडवून चिकटवली आणि वरून ओला तळवा फिरवला. सांधा दिसेनासा झाला.

"अजून कुठे राहिलंय का?" मातीची पाटी धरून मागे उभ्या असलेल्या सुनेने, कृपाने, विचारलं.

"उनाकडनं बघ."

कृपाने भिंतीला गाल टेकवला. दारातून आलेलं ऊन भिंतीवरून तिरपं सरकत होतं आणि त्या उजेडात एकेक उंचवटा आपली सावली धरून उभा होता. तिने दोन ठिकाणी बोट ठेवलं. मरियाबाईंचा तळवा तिथे गेला आणि सावल्या पुसल्या गेल्या.

कोल्हारातलं ते घर म्हणजे एकच लांब खोली. लग्न झाल्यापासून कृपा आणि शांतवन यांचं जे काही बोलणं व्हायचं ते भाजी आणायच्या निमित्ताने, एसटी स्टँडच्या वाटेवर. घरात शांतवन "तांब्या दे" म्हणायचा, कृपा तांब्या द्यायची. नाताळाआधी खोलीच्या मधोमध कूड, म्हणजे तट्ट्यांची भिंत, घालायचा, हे मरियाबाईंनीच काढलं. तट्ट्यांच्या दोन थरांमधे गव्हाचं भुसकट ठासायचं मात्र कृपाने सुचवलं. पोकळ भिंत ढोलासारखी वाजते, हे तिला ठाऊक होतं. सासूला तिने "ऊब राहील" एवढंच सांगितलं.

पण गावात कूड घालणाऱ्या गहिनीनाथाने वर वीतभर फट ठेवली होती. सगळ्याच घरांत तशी असायची. आढ्याला एक बल्ब टांगला की दोन्हीकडे उजेड. त्या फटीतून उजेड येणार, तसा आवाजही येणार. कृपा सकाळपासून तिकडे बघत होती. नव्या सुनेने हे बोलायचं तरी कसं?

"झालं बगा, मास्तर," गहिनीनाथ थापी पुसत म्हणाला. "आता तुमी दोघं आत जावा आन् बोला काय बोलायचं ते. मावशी भायेर ऐकंल. आवाज आला तर सांगा."

"बोलायचं काय?" शांतवन लाजला.

"साळंत पोरांम्होरं दिसभर बोलता की! हितं बायकोम्होरं वाचा बसली व्हय?" असं म्हणून तो हसत अंगणात हात धुवायला गेला.

दोघं कुडापलीकडे गेली. शांतवन आढ्याकडे बघत राहिला. शेवटी कृपाच बोलली. रोज ज्या आवाजात बोलावं असं तिला वाटायचं, त्याच आवाजात.

"आईंच्या आमटीत मीठ फार असतं."

शांतवनने दातांखाली जीभ धरली. मग त्याचे खांदे हलायला लागले. घरात तो हसतो आहे असं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"आई, काही ऐकू आलं का?" तिने मोठ्याने विचारलं.

पलीकडून मरियाबाईंचा आवाज आला.

"न्हाई बा. बोललीस व्हय काही?"

कृपाचा जीव भांड्यात पडला. ती बाहेर आली तेव्हा मरियाबाई मान वर करून उभ्या होत्या.

"गहिनी, ती वरची फट बुजव."

"आन् बल्ब, मावशी? उजेड एकीकडंच व्हईल."

"व्हऊं दे. तेंच्याकडं टांग. मला कंदील हाय."

"पर समदेच ठेवत्यात की फट."

"उंदरं येत्यात वरनं."

"अवो, उंदरं भुईवरनं येत्यात..."

"तू मला उंदरं शिकवू नगं. बुजव म्हन्ते ना!"

"आई, पण तुझं रात्रीचं वाचन?" शांतवन म्हणाला.

"योहानाचं शुभवर्तमान पाठ हाय मला. तेवढं संपंस्तवर झोप लागती."

तट्ट्याचा तुकडा वर बसला. लुगड्याची शेवटची पट्टी काठाची निघाली, हिरवी. मरियाबाईंनी तीही मातीत बुडवली. कृपाने स्टूल धरलं आणि त्यांनी आढ्यापर्यंत हात नेऊन सांधा सारवला.

जेवायला उशीर झाला. स्वयंपाक मरियाबाईंनीच केला. ओल्या मातीचा वास घरभर होता. शांतवनने पहिला घास घेतला आणि त्याचा हात थांबला. आमटी ठार अळणी होती. त्याने मिठाच्या बरणीकडे हात नेला.

मरियाबाई खाली मान घालून नखांतली पांढरी माती काढत होत्या.

कृपाने बरणी मागे सरकवली आणि आपली वाटी पुढे केली.

"आई, अजून वाढा ना."