लाल पट्टी

हर्षाने लॅपटॉप उचलून ऋषिकेशच्या टेबलावर आदळला. त्याच्या तोंडात सांभारवडीचा घास होता.

"हे तू लिहिलं का गा?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, घास गिळला आणि मान हलवली. हो म्हणताना त्याला जराही लाज वाटली नाही, याचाच हर्षाला जास्त संताप आला.

ऑफिसात आज सांभारवडी आली होती ती पायथनच्या नावाने. दवाखान्यांसाठी बनवलेलं त्यांचं सॉफ्टवेअर पायथन या संगणकाच्या भाषेच्या ज्या जुन्या आवृत्तीवर चालत होतं, तिला आता कोणी वाली उरला नव्हता. सगळं नव्या आवृत्तीवर न्यायचं होतं. नुसती भाषा बदलून भागत नाही. तिच्या जिवावर चालणारी, कुठल्या कुठल्या लोकांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस, म्हणजे एकेका कामाचे तयार तुकडे, तेही बदलावे लागतात. एक हलवलं की दुसरं रुसतं. ऋषिकेशने महिनाभर हे रुसवेफुगवे काढले आणि काल सकाळी सक्करदऱ्याच्या दवाखान्यात नवी आवृत्ती सुरू झाली. मालकांनी, म्हणजे अश्विन सरांनी, ग्रुपवर अंगठे टाकले आणि आज सगळ्यांना नाश्ता मागवला.

पण एक पॅकेज मागेच राहिलं होतं. रुग्ण आधीपासून जे औषध घेतो त्याच्याशी नव्या औषधाचं वाकडं असेल, तर बिल करणाऱ्यासमोर लाल पट्टी आणायची, एवढंच त्याचं काम. ते लिहिणाऱ्याने केव्हाच हात झटकले होते, आणि नव्या पायथनवर ते काही केल्या बसत नव्हतं. तेव्हा ऋषिकेशने त्याच्याभोवती दोन ओळी घातल्या: पॅकेज सापडलं तर तपास, नाही सापडलं तर काही न बोलता पुढे चल. सॉफ्टवेअर बिचारं काल सकाळपासून काही न बोलता पुढे चाललं होतं.

"अवं, नाहीतं पूरं सॉफ्टवेअरच उघडून नव्हतं राहिलं," ऋषिकेश म्हणाला. "टेम्पररी केलं मी. नंतर बसवू ना."

कोणाला सांगितलं होतंस, असं हर्षाने विचारलं. तो भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहायला लागला. तिथे प्रत्येकाच्या कामापुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका असे. अश्विन सर आले की आधी तो टीव्ही पाहत आणि ज्याचा ठिपका लाल, त्याची चारचौघांत हजेरी घेत. त्यामुळे या ऑफिसात दुखणं बरं करण्यापेक्षा ठिपका हिरवा करण्यात सगळे पटाईत झाले होते. पट्टी नीट येते का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेस्टसुद्धा पॅकेज नाही म्हणून आपोआप गाळल्या गेल्या होत्या, आणि गाळलेल्या टेस्टलाही टीव्हीवर हिरवाच ठिपका मिळाला होता.

आवाज ऐकून अश्विन सर केबिनबाहेर आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी ऑफिसचं दार लोटून घेतलं. आता मागे फिरलो तर दवाखान्यापुढे नाक कापलं जाईल, सोमवारी गुपचूप दुरुस्त करू, असं त्यांचं म्हणणं पडलं. औषधं देणारा माणूस शिकलेला आहे, त्याला कळतं, हेही त्यांनी वर सांगितलं.

हर्षाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. समोरची बशी भिरकावून द्यावी असं तिला वाटलं.

"सर, त्याईले आपणच शिकवलं," ती म्हणाली. "पट्टी नाही आली तं बिनधास्त देत जा. आता ते बिनधास्त देऊन राहिले."

तिने दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, एकीत जुनी आवृत्ती, दुसरीत नवी. दोन्हींत तोच खोटा रुग्ण: रक्त पातळ करायची गोळी रोज चालू, वरून गुडघेदुखीसाठी आणखी एक. जुन्या खिडकीत स्क्रीनभर लाल पट्टी आली, 'रक्तस्रावाचा धोका'. नवीत दोनच शब्द आले, 'बिल तयार'.

अश्विन सर जरासे हसले. अशा दोन गोळ्या सोबत कोण घेतं, असं त्यांनी विचारलं.

ऋषिकेशने बशी खाली ठेवली. त्याच्या आईच्या, सिंधूताईंच्या, हृदयाची झडप गेल्या वर्षी सक्करदऱ्याच्या त्याच दवाखान्यात बदलली होती, आणि तेव्हापासून रक्त पातळ करायची ती गोळी त्यांच्या मागे कायमची लागली होती. काल संध्याकाळी तोच त्यांना गाडीवर बसवून गुडघा दाखवायला घेऊन गेला होता. डॉक्टर नवा होता. खाली काउंटरवर नव्या गोळ्यांचं बिल किती झटकन निघालं, हे पाहून ऋषिकेशला फार बरं वाटलं होतं.

त्याने आईला फोन लावला. इकडे हर्षाने कोणालाही न विचारता दवाखान्याचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर परत न्यायला घेतलं. अश्विन सरांनी तिला अडवलं नाही. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की सगळ्यांना ऐकू आला.

"आई, कालच्या गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या का वं?"

"घेतल्या ना बाबू. रात्रीबी घेतली, सकाळीबी घेतली." सिंधूताई खुशीत होत्या. "गुडघा असा मोकळा झाला पाह्य, पूरा जिना चढून आली मी. दात घासले तवापासून हिरड्यातलं रक्त तेवढं थांबून नाही राहिलं."