सोन्यावरचा ओरखडा

"लाट उठते म्हणतेस, मग ती दिसत का नाही?" प्रयोगशाळेतला पंप दुरुस्त करता करता केळुसकरकाकांनी विचारलं.

ऋजुताने संगणकाच्या काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं. सोन्याच्या पातळ थराजवळ सुई नेऊन वीज सोडली, की सोन्याच्या अंगावरून एक तरंग धावत सुटतो. त्या तरंगाचा प्रकाश झालेला तिला पाहायचा होता. तीन वर्षं झाली, पडदा काळाच होता. प्रयोग सोडून देते, असं ती उद्या आपल्या मार्गदर्शक सरांना सांगणार होती.

"आमच्या वेंगुर्ल्याला भर समुद्रात लाट कळतसुद्धा नाही," काका पाना पुसत म्हणाले. "खडकावर आपटली की मग पांढरीशुभ्र. तुझ्या सोन्यावर आपटायला आहे काय?"

काहीच नव्हतं. तो थर आरशासारखा गुळगुळीत करण्यातच तिची दोन वर्षं गेली होती. मग तिने आपला सगळ्यात चांगला थर काढला, श्वास रोखून सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर एक बारीक ओरखडा ओढला, दिवे मालवले आणि वीज सोडली.

पडद्यावर, सुईपासून जरा लांब, ओरखड्याच्या कडेने लालसर उजेड हळूहळू उमलत गेला.

"दिसली गो, दिसली!" काका कुजबुजले.

ऋजुताचे डोळे भरून आले. ज्या सोन्याला ती इतके दिवस मुकं समजत होती, त्याच्यावरून तरंग रोजच धावत होते. वीज बंद करायला तिचा हात होईना.